कपाटावर ठेवायची नसते अशी वस्तू

न्यू जर्सीतील एका सरकारी प्राथमिक शाळेत, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या वर्गात मदतनीस शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. बटण दाबले की त्यावरचा शब्द मोठ्याने बोलणारा एक टॅबलेट सहा वर्षांच्या एका मुलाजवळ होता आणि तो त्यावरचे 'मोअर' हे एकच बटण सारखे दाबत होता. वर्गात गोंगाट नको म्हणून मी टॅबलेट उचलून कपाटावर ठेवला. स्पीच थेरपिस्ट बाईंनी तो शांतपणे त्याच्या पुढ्यात परत ठेवला आणि मला बाजूला घेऊन विचारले, "बडबड करणाऱ्या मुलाच्या तोंडावर आपण चिकटपट्टी लावतो का?"

तो टॅबलेट खेळणे नव्हता आणि शहाण्यासारखे वागल्याचे बक्षीस तर मुळीच नव्हता. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात १९९० साली स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आला; या कायद्यानुसार प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, तयार होतो आणि त्यात सहाय्यक तंत्रज्ञानाची, म्हणजे अशा साधनांची, गरज आहे का, याचा विचार करावाच लागतो. आमच्या वर्गातील टॅबलेटवरचे 'प्रोलोक्वोटूगो' हे बोलणारे ॲप २००९ मध्ये एका डच कंपनीने बाजारात आणले. त्याआधी अशा कामासाठी हजारो डॉलरची खास यंत्रे लागत.

माझी समजूत अशी होती, की यंत्र हाती दिले की मूल बोलू लागेल. प्रत्यक्षात शिकावे लागले ते आम्हा मोठ्यांनाच. 'थांब', 'मदत', 'हवे' असे रोजचे शब्द तोंडाने उच्चारताना आम्हीही ती बटणे दाबायची, मुलाकडून उत्तराची घाई करायची नाही आणि बटणांच्या जागा मात्र कधीही बदलायच्या नाहीत, कारण टंकलेखकाप्रमाणे मुलाचे बोटही जागा लक्षात ठेवते. बॅटरी संपली तर मूल मुके होऊ नये, म्हणून त्याच मांडणीचा लॅमिनेट केलेला कागद दाराजवळच्या खुंटीला टांगलेला असतो. (पहिल्या महिन्यात मला तो दोनदा काढावा लागला, चार्जिंगची जबाबदारी माझीच होती.)

इथल्या शाळांत दर महिन्याला आगीची कवायत होते. एरवी भोंगा वाजला की तो मुलगा कान दाबून जमिनीवर लोळत असे. एका हिवाळी सकाळी मैदानात उभा असताना त्याने थरथरत्या बोटाने 'लाऊड' आणि मग 'स्टॉप' दाबले. रडणे थांबले नव्हतेच, पण ते कशासाठी आहे हे आम्हाला पहिल्यांदाच त्याच्याकडून कळले.

त्याचे घर मराठी. यंत्राची सवय लागली तर तो तोंडाने बोलायचा कंटाळा करील, ही भीती त्याच्या आईने मला मराठीतच बोलून दाखवली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात अशा साधनांमुळे मुलांचे बोलणे घटल्याचे आढळले नाही, उलट अनेकांचे थोडेफार वाढले, हे थेरपिस्ट बाईंनी तिला समजावले. घरासाठी मी तिला आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे तसेच ॲप सुचवले, कारण ते चित्रांवर चालते आणि मराठीत बोलते.

मागच्या महिन्यात त्याची आजी भारतातून आली. ती वरणभातावर तूप वाढत असताना त्याने 'नको' दाबले, तरी आजीने आपल्या सवयीने आणखी चमचाभर वाढलेच. तेव्हा त्याने ताट दूर सारले नाही; आजीकडे पाहत त्याने तेच बटण पुन्हा दाबले.