पत्र्याखालची उष्णता मोजताना : माझा अनुभव

शहरी हवामान-अनुकूलनाच्या, म्हणजे शहराने वाढत्या उष्णतेशी कसं जुळवून घ्यावं याच्या संशोधनात यायचं तर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकावंच लागतं. ते मोफत आहे, सरावाने जमतं. पण सोलापूरच्या पूर्व भागातली यंत्रमागाची शेड किती तापते, हे नुसत्या नकाशावरून कळत नाही.

जमिनीचं तापमान टिपणारा लँडसॅट ८ उपग्रह सोळा दिवसांनी एकदा, सकाळी साडेदहाच्या आसपास वरून जातो. शेड खरी तापते दुपारी तीन-चारला. उपग्रहाच्या फाइलमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. त्याहून मोठी गफलत पत्रा करतो. नवा चकचकीत पत्रा अवरक्त किरणं फार कमी सोडतो, त्यामुळे भाजणारं छत नकाशावर थंड दिसतं. गंजलेल्या पत्र्याचं तसं नसतं. म्हणून नकाशावर शेड निळी, म्हणजे थंड, दिसली की मी आधी पत्रा बघून येते.

दुरून तापमान मोजणारी हातातली इन्फ्रारेड गनसुद्धा अशीच चकते. त्यावर उपाय काळी इन्सुलेशन टेप. गन १२:१ची (अंतर आणि दिसणाऱ्या गोलाचं प्रमाण) असेल तर ६० सेंटिमीटरवरून ती ५ सेंटिमीटरचा गोल पाहते, म्हणून चार पट्ट्या अगदी खेटून चिकटवायच्या, दहा मिनिटं तापू द्यायच्या, गनवर उत्सर्जकता (पृष्ठभाग किती अवरक्त किरणं सोडतो त्याचा आकडा) ०.९५ ठेवून टेपवरच नेम धरायचा.

आतल्या हवेसाठी डेटा लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र, दर १५ मिनिटांनी नोंद. आधी सगळे लॉगर एक दिवस-रात्र एकाच सावलीत ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्यावा. मागावरचा कामगार उभा असतो, तिथे लॉगर त्याच्या छातीच्या उंचीवर टांगते. विडी वळणारी बाई जमिनीवर बसते, तिथे तिच्या डोक्याच्या उंचीवर. भिंतीला आणि मोटारीला लागू द्यायचा नाही.

आर्द्रता सोडून चालत नाही. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून शेडमध्ये पाणी मारतात. पारा उतरतो, पण घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो. तापमान उतरलं एवढ्यावर समाधान मानू नका, ओल्या फुग्याचं तापमानही (वेट बल्ब, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेली तापमापी दाखवते ते) काढा.

रात्री चित्र उलटतं. पत्रा लवकर निवतो, स्लॅब मात्र दिवसभराची उष्णता उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. म्हणून महापालिकेला अहवाल देताना नकाशावर वॉर्ड रंगवून थांबू नये; कोणत्या छताखाली, किती वाजता, हे लिहावं. छताला चुना मारण्याचा उपाय सुचवला तर वेळही सांगावी: पावसात चुना धुपतो, तेव्हा दरवर्षी मार्चच्या आत मारायला हवा, आणि गंज घासून काढल्याशिवाय मारला तर पोपडे निघतात.