चौथी टाकी

महिन्याभरातला त्या आजोबांचा हा चौथा फोन. "मॅडम, तुमचा तांबडा ठिपका अजून माझ्या घरावरच बसलाय. दोन गिऱ्हाइकं परत गेली."

दूषित जमिनी आणि भूमिगत टाक्या यांचा नकाशा सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. नकाशा सगळ्यांना खुला. घर घेण्याआधी, बोअर मारण्याआधी, पाया खणण्याआधी कुणीही उघडून बघावा, म्हणूनच तो केलेला. आधीच्या तिन्ही वेळा मी आजोबांना ठरलेलं उत्तर दिलं होतं की नोंदीत पत्ता तुमचाच आहे. या वेळी ते म्हणाले, "अहो, हे घर माझ्या वडिलांनी बांधलं. पाया खणला तेव्हा मी काठावर उभा होतो. टाकी असती तर दिसली नसती का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला आणि मूळ नोंद उघडली. वाहतुकीचा धंदा, इंधनाच्या तीन टाक्या, गळती आढळली, टाक्या काढल्या, प्रकरण बंद. पत्त्याचा रकाना एकच, आणि त्यात टाक्यांचा नव्हे, तर टाकीमालकाचा टपालाचा पत्ता. आजोबांना पुन्हा फोन लावला. नाव सांगताच म्हणाले, "हा तर आमचा भाडेकरू होता!" सॉफ्टवेअरने तो पत्ता इमानेइतबारे शोधला होता आणि घराच्या मधोमध ठिपका टेकवून दिला होता.

सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक नोंदीपुढे आमच्याकडे 'स्थान कशावरून' असा रकाना असतो: जीपीएसने मोजलेलं, आराखड्यावरून घेतलेलं, की नुसत्या पत्त्यावरून. खुल्या नकाशात तो दाखवायला नको, लोकांचा उगाच गोंधळ होतो, असं एका बैठकीत ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होते. त्यामुळे हातभर चुकलेला ठिपका आणि कोसभर चुकलेला ठिपका, दोन्ही पडद्यावर सारखेच ठाम दिसत.

कागदी फाइल मागवली. आत पेन्सिलीने काढलेला एक आराखडा होता. उत्तरेचा बाण नाही, अंतरं पावलांत, आणि सगळी मोजमापं 'गोदामाच्या कोपऱ्यापासून'. गोदाम केव्हाच पाडलेलं. शेवटी जुना हवाई फोटो काढला. रस्त्याचं वळण आणि नाल्यावरचा पूल तेवढे तसेच राहिले होते, त्यांच्या आधाराने तो आजच्या नकाशावर बसवला. आराखडा दोन तऱ्हेने लावता येत होता. एका तऱ्हेने टाक्या भर रस्त्यात येत, दुसरीने चार घरांच्या सामाईक परसात.

अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलची जमीन १९५३ मध्ये एका शाळा मंडळाला एक डॉलरला विकली, तेव्हा खाली रसायनं पुरल्याचा उल्लेख दस्तातच होता. तरी तिथे शाळा झाली, आजूबाजूला वस्ती झाली, आणि १९७८ मध्ये कुटुंबं हलवायची वेळ आली. माहिती कागदावर असूनही राहणाऱ्यांपर्यंत पोचली नाही, हे आम्ही प्रशिक्षणात शिकवतो. शिकवणारी मीच, आणि माझ्याच कार्यालयाच्या तळघरात ही फाइल पडून होती, ते सोडा.

दुपारी मी आणि माझे वरिष्ठ सहकारी त्या परसात. सोबत पुरलेलं लोखंड हुडकणारा मॅग्नेटोमीटर आणि जमिनीखाली रडारने बघणारं जीपीआरचं यंत्र. तिथल्या काकूंनी कपडे वाळत घातले होते. दोरीचं एक टोक झाडाला, दुसरं एका लोखंडी पाइपला. पाइप पुरुषभर उंचीचा, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळलेलं.

"हा खांब कधीचा?"

"आम्ही घर घेतलं तेव्हापासून आहे. चांगला मजबूत आहे हो."

सर माझ्याकडे बघत राहिले. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून टोक असं खाली वळवतात, ते टाकीची वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपचं. कपड्यांच्या दोरीसाठी कोणी लोखंड वाकवत बसत नाही.

ज्या तीन टाक्या काढल्या होत्या त्यांच्या जागी मॅग्नेटोमीटर थंड होता, म्हणजे तिथे आता लोखंड उरलं नव्हतं. पाइपपासून चार पावलांवर मात्र आकडे एकदम चढले. मॅग्नेटोमीटरवर लगेच विश्वास ठेवायचा नसतो; पुरलेली सळई, फाटक, उभी गाडी, काहीही त्याला फसवतं. मग जीपीआर फिरवला. चिकणमाती असती तर रडारच्या लहरी तिनेच गिळल्या असत्या. इथे भराव वाळूचा होता. पडद्यावर उपड्या वाटीसारखी कमान उमटली, शेजारच्या पट्ट्यात पुन्हा, त्यापुढच्या पट्ट्यातही. टाकी होती. चौथी.

आराखडा परत काढला. त्याच जागी तुटक रेघेचं एक वर्तुळ होतं आणि शेजारी 'जु.'. सकाळी मी ते जुनी विहीर म्हणून सोडून दिलं होतं.

ती नोंदीत का नाही, याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत भूमिगत टाक्यांचा कायदा १९८४ मध्ये आला, सविस्तर नियम १९८८ मध्ये, आणि गंजापासून संरक्षण नसलेल्या जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली. पण १९७४ उजाडण्याआधीच वापरातून गेलेल्या टाक्या कळवायची सक्ती तिथे कुणावर नव्हती. तरीही आजवर ५ लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. आमच्या नोंदीलाही अशीच भोकं आहेत. नकाशावर जागा कोरी दिसली की लोक ती स्वच्छ समजतात. आम्हाला तिथे फक्त 'नोंद नाही' एवढंच म्हणायचं असतं.

काकू दोरीखाली उभ्या राहून सगळं बघत होत्या. "म्हणजे तो तांबडा ठिपका आता आमच्यावर येणार?"

येणार होता. मी तसं सांगितलं. मग बोअरबद्दल विचारलं. होती, झाडांपुरती. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं, पण पेट्रोलमधलं बेंझिन पाण्यात विरघळून भूजलाच्या उताराने पुढे जातं. त्याला ना रंग, ना घरांच्या हद्दीची पर्वा. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टाकीत काय होतं, काही उरलंय का, गळलंय का, यातलं काहीच अजून कळलं नव्हतं. नमुने येईपर्यंत ते पाणी वापरू नका आणि घरात जमिनीलगत इंधनाचा वास आला तर लगेच कळवा, एवढंच सांगता आलं. तांबड्या रंगाचं काय करायचं, ते त्यांनी विचारलं नाही. मला मात्र दिवसभर तेच खुपत होतं. गळणारी टाकी, संशयित टाकी आणि बंद झालेलं प्रकरण, आमच्याकडे सगळं तांबडंच. त्यात 'बंद' म्हणजे तरी काय? तेव्हाच्या वापराला उरलेला धोका चालण्यासारखा आहे, इतकंच.

संध्याकाळी आजोबांच्या घरावरचा ठिपका काढला. परसात ठिपका न ठेवता तुटक रेघेची हद्द आखली, 'संशयित, तपासणी बाकी' असं लिहिलं, आणि कुणाची परवानगी न घेता त्या एका नोंदीपुरता 'स्थान कशावरून' हा रकाना उघडा केला. बाकीच्या हजारो नोंदींसाठी बैठक लावावी लागणार होती. आजोबांनी आभार मानायला फोन केला आणि शेवटी हळूच विचारलं, "मग निघालं कुठे?" मी म्हटलं, नकाशावर बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. "दोरी सोडवून ठेवू का? तो पाइप काढायला कुणाला सांगू?"

"दोरी सोडवा," मी म्हटलं. "पाइपला हात लावू नका. त्याचं तोंडही बांधू नका. आमची माणसं बुधवारी येतायत."