नॅसची दुसरी लॅन वायर आणि वाया गेलेले अकरा दिवस: माझा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्न आणि कास्टिंगच्या ड्रॉइंगचं छोटं ऑफिस आहे. सहा कॉम्प्युटर, आणि सगळ्यांच्या फाइली एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, डिस्क असलेल्या एका डब्यावर. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि नॅसचा एकुलता एक लॅन पोर्ट गेला. टॉर्च मारून बघितलं तर आतल्या आठ पिनांपैकी दोन काळ्या पडलेल्या. दोन्ही डिस्क धडधाकट, मिरर (दोन्हींवर ठेवलेली तीच प्रत) शाबूत, पण आत जायला दारच उरलं नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीचं काम चार दिवस खोळंबलं. तेव्हाच ठरवलं, पुढचा डबा दोन लॅन पोर्टांचा.

त्याच कंपनीचा नवा डबा आणला, जुन्या डिस्क त्यात चढवल्या, एका दुपारीत काम झालं. अडकलो ते दुसरी वायर लावल्यावर.

मला वाटायचं, दोन वायरी लावल्या की एक गेली तर दुसरी आपोआप धरेल. तसं नसतं. नुसत्या दोन वायरी लावल्या तर डब्याला दोन वेगळे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, मिळतात आणि आपला झेड ड्राइव्ह (कॉम्प्युटरवर दिसणारा नॅसचा फोल्डर) त्यातल्या एकालाच बांधलेला असतो. पहिली वायर उपसली, ड्राइव्हवर लाल फुली. दोन्ही पोर्ट एकत्र बांधून एकच आयपी द्यावा लागतो, त्याला बॉन्डिंग म्हणतात. सेटिंगमध्ये त्याचे चार-पाच प्रकार दिसतात, आणि कुठला निवडायचा ते मी हेल्पलाइनला विचारलं.

"सर, ८०२.३ एडी घ्या, तोच बेस्ट आहे." घेतला. स्क्रीनवर मेसेज आला की जोडणी होऊ शकली नाही. तिकीट टाकलं. उत्तर आलं, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. केलं. मग वायरी बदला. बदलल्या. मग लॉगची (डब्याने ठेवलेल्या नोंदींची) फाइल पाठवा. पाठवली. दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून कहाणी सांगायची. सातव्या दिवशी सांगितलं, नेटवर्क सेटिंग रीसेट करा. ते केल्यावर सकाळी सहाही कॉम्प्युटरवरून नॅस दिसेनासा झाला आणि माझा अर्धा दिवस गेला. अकरा दिवसांत एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही: तुमचा स्विच, म्हणजे सगळ्या लॅन वायरी जिथं जोडतात ती पेटी, कोणता आहे? याचा राग मला अजून येतो, कारण सगळं उत्तर त्याच प्रश्नात होतं.

८०२.३ एडी म्हणजे एलएसीपी, वायरी एकत्र बांधायची एक ठरलेली पद्धत. त्यात नॅस आणि स्विच दोघांनी एकमेकांशी बोलून वायरींची मोळी बांधायची असते. हे काही नवीन नाही, हे मानक २००० सालचं आहे, २००८ पासून ते ८०२.१ एएक्स म्हणून ओळखलं जातं. पण स्विचला ती भाषा यायला हवी. आमचा आठ पोर्टांचा साधा स्विच, त्याला लॉगिनचं पानसुद्धा नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी मी तो भिंतीवरून काढून उलटा केला, मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात 'अनमॅनेज्ड' लिहिलेलं, म्हणजे ज्यात काही सेटिंगच करता येत नाही असा. तिथंच सगळं उलगडलं.

बॉन्डिंगच्या त्याच यादीत खाली 'ॲक्टिव्ह-बॅकअप' होतं. काही डब्यांवर त्याला 'फेलओव्हर' म्हणतात. एक वायर काम करते, दुसरी राखीव बसते, आणि त्याला स्विचकडून काहीच लागत नाही. निवडलं, मिनिटभरात बॉन्ड तयार. मग पिंग (नॅस उत्तर देतो का ते सतत विचारणारी कमांड) चालू ठेवून चालू वायर उपसली. एक 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आला आणि लगेच उत्तरं सुरू. ड्राफ्ट्समन म्हणाला, "काढली व्हय वायर? माझी फाइल सेव्ह झाली की!" त्या क्षणी इतकं हलकं वाटलं!

एक सांगायचं राहिलं. बॉन्ड केल्यावर दोन्ही पोर्टांचा मॅक ॲड्रेस (पोर्टाचा स्वतःचा ओळख क्रमांक) एकच होतो. राउटरवर आयपी मॅकला बांधून ठेवला असेल तर आधी तो तपासा, नाहीतर नॅस दुसऱ्याच आयपीवर जाऊन बसतो. आणि वेगाची आशा धरू नका: एक गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये तेवढेच राहतात.

दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये लावल्या तर स्विच गेला की सगळंच गेलं. म्हणून लक्ष्मीपुरीतून दुसरा साधा स्विच आणला, एकेक वायर एकेकात, कॉम्प्युटर तीन-तीन वाटून. दोन स्विच मात्र एकमेकांना एकाच वायरीने जोडा. दोन वायरी लावल्या की लूप होतो, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहतो, आणि अख्खं नेटवर्क बसतं.

विजेपुढे बॉन्डिंगचा उपयोग नाही, दोन्ही पोर्ट एकाच बोर्डावर असतात. शेडकडे जाणारी लांब वायर आम्ही फायबरची (तांब्याऐवजी काचेच्या तंतूची) करून घेतली, त्यातून झटका येत नाही.

आणि ईमेलचा अलर्ट चालू करा. ऑगस्टमध्ये एका स्विचचा ॲडॉप्टर जळाला, राखीव वायरीने गुपचूप काम धरलं. त्या स्विचवरच्या तिघांच्या वायरी दुसऱ्यात लावल्या आणि पाच मिनिटांत काम सुरू झालं. पण तो ॲडॉप्टर रात्रीच गेलेला, हे मला सकाळी ऑफिस उघडण्याआधीच मोबाइलवर आलेल्या मेलमुळे कळलं होतं.