सर्वाधिक कमावणाऱ्या ॲप्सच्या, म्हणजे टॉप ग्रॉसिंगच्या यादीत नक्की कोण तगलंय?

लोकांच्या ॲप्सच्या कमाईचे आलेख मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम आणि रात्री मोबाइलवर 'व्हाइटआऊट सर्व्हायव्हल' या गेममध्ये बर्फातल्या शहराची भट्टी पेटती ठेवणं हा छंद. त्यामुळे 'सध्या सर्व्हायव्हल, म्हणजे तग धरून जगायच्या गेम्सची चलती आहे' असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, कुठल्या सर्व्हायव्हलची?

एकाच नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. पहिला जुना: लाकडं तोडा, कुऱ्हाड बनवा, भूक सांभाळा, अंधारात मरा, पुन्हा सुरू करा. 'डोन्ट स्टार्व्ह'ची पॉकेट एडिशन एकदा विकत घेतली की व्यवहार संपला. 2017 चा 'लास्ट डे ऑन अर्थ' फुकट होता, पण जातकुळी तीच.

दुसरा धंदा 'स्टेट ऑफ सर्व्हायव्हल', 'व्हाइटआऊट सर्व्हायव्हल' आणि 'लास्ट वॉर' यांचा. झोंबी आणि थंडी हा नुसता वरचा मुलामा; आत इमारती, फौजा आणि अलायन्स, म्हणजे खेळाडूंची टोळी. भूक लागते ती फक्त ट्युटोरियलपुरती. तरी 2024 संपेपर्यंत शेवटच्या दोघांची एकूण कमाई प्रत्येकी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. पहिल्या गटाला हे स्वप्नातही शक्य नाही.

या दुसऱ्या गटाच्या कमाईचा आलेख बघायला मला फार आवडतो. साधारण गेम लाँचच्या वेळी उसळतो आणि मग उतरणीला लागतो. हे मात्र पुढे वर्ष-दीड वर्ष चढतच राहतात. गोम आहे सर्व्हरमध्ये, म्हणजे गेमच्या वेगवेगळ्या जगांमध्ये. नवा सर्व्हर उघडला की तिथे सगळे शून्यापासून सुरू करतात, म्हणजे पहिल्या नंबरची शर्यतही नव्याने. प्रत्येक सर्व्हर हा एक छोटा लाँचच. वर सर्व्हरचं वय वाढेल तशी हीरोंची नवी पिढी खुली होते आणि काल पैसे ओतून घेतलेला हीरो आज मागे पडतो.

आणि अलायन्स! आमच्यात कुणी गेममधल्या वस्तूंचा 99.99 डॉलरचा पॅक घेतला की सगळ्यांना पेटी मिळते आणि चॅटमध्ये आभारांची रांग लागते. अलायन्सने मिळून करायच्या अस्वलाच्या शिकारीला अर्धा तास असतो. त्यात कोण आलं नाही याची नोंद ठेवणारेही आहेत. (त्यातली एक मी.) गेमचा कंटाळा आलेली माणसंसुद्धा या हजेरीपायी टिकतात. रिटेन्शनच्या, म्हणजे किती जण टिकले त्या आकड्यात हा भिडस्तपणा वेगळा दाखवता येत नाही, एवढंच.

माणसं आणायची कशी, हा प्रश्न 2021 मध्ये अवघड झाला. आयफोनच्या आयओएस 14.5 पासून ॲपला वापरणाऱ्याचा माग काढायला त्याची परवानगी मागावी लागते, त्यामुळे पैसे खर्च करणारा नेमका माणूस हेरणं महागलं. मग सगळ्यांनाच भुलवेल अशी जाहिरात लागते: आकड्यांच्या दारांतून पळत सुटलेले सैनिक वगैरे. जाहिरातीत एक आणि गेममध्ये भलतंच, ही तक्रार जुनीच. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने 2020 मध्ये 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स'च्या अशा जाहिराती रोखल्या होत्या. 'लास्ट वॉर'ने तो पळापळीचा खेळ गेमच्या सुरुवातीलाच खरोखर घातला. धूर्तपणा म्हणा, पण माझ्या मते या प्रकारातली ही सगळ्यात शहाणी खेळी.

एक गोष्ट मात्र आकडे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. बाहेरच्या संस्थांचे अंदाज बहुतेक ॲपल आणि गूगलच्या दुकानांपुरते असतात. हे गेम आता स्वतःच्या वेबसाइटवरूनही पॅक विकतात, कारण दुकानाचा 30 टक्क्यांपर्यंतचा वाटा वाचतो. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकी न्यायालयाने ॲपलला ॲपमधून बाहेर नेणाऱ्या लिंकवर कमिशन घ्यायला मनाई केली, तेव्हापासून तर मी यादीतली घसरण लगेच घसरण मानत नाही. गिऱ्हाईक तेच असतं, फक्त गल्ला दुसरा.

'व्हाइटआऊट'वाल्या सेंच्युरी गेम्सनेच 2025 मध्ये 'किंगशॉट' आणला. बर्फाऐवजी मध्ययुग, बाकी सांगाडा ओळखीचा. त्याच्या डाउनलोडकडे मी बघतही नाही. नवे सर्व्हर किती भराभर उघडतायत, तेवढं मोजतेय.