मालूफची खुर्ची मागून बघा

सॅम मालूफ या अमेरिकन फर्निचर कारागिराची रॉकिंग चेअर समोरून बघण्यात अर्धीच मजा आहे. मागे जाऊन खाली वाकायचं आणि मागचा पाय सीटला जिथे मिळतो तिथे नजर लावायची. सांधा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळतच नाही, पाय सीटमधूनच उगवल्यासारखा वाटतो, आणि नीट बघितलं की मगच दोन लाकडांच्या रेषा वेगळ्या दिसतात. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा फोटो काढायचंही सुचलं नाही.

आम्ही सदर्न कॅलिफोर्नियात राहतो, आणि त्याचं घर आल्टा लोमाला, डोंगराच्या पायथ्याशी. आता तिथे म्युझियम आहे, गाईड घर फिरवून दाखवतात. भारतातून कोणी आलं की लोक डिस्नेलँडला नेतात, मी इथे नेतो (बायकोचं मत वेगळं आहे, असो). गेल्या वेळी बाबा होते बरोबर. सांगलीत आमच्या घराचं सगळं लाकूडकाम त्यांनी सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं, त्यामुळे त्यांना कौतुक बिवतुक चटकन सुटत नाही. खुर्चीच्या हातावरून बराच वेळ बोट फिरवून म्हणाले, "अरे, एवढं अक्रोड भुशात घालवलं की यानं." आणि ते खरंच आहे. जाड ठोकळा घ्यायचा आणि खुर्चीचा आकार उरेपर्यंत बाकीचं काढत जायचं, अशीच त्याची पद्धत.

थोडी माहिती देतो. जन्म 1916, कॅलिफोर्नियातल्याच चिनो गावात, आईवडील लेबनॉनहून आलेले. फर्निचरचं शिक्षण असं काही नाही, शाळेत वुडशॉप होतं तेवढंच. युद्धात आर्मीत होता, परत आल्यावर मिलर्ड शीट्स नावाच्या चित्रकाराकडे ग्राफिक आर्टिस्टचं काम करायचा. 1948ला अल्फ्रेडाशी लग्न झालं, घरात फर्निचर नाही आणि विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून टाकाऊ प्लायवूडचं स्वतःच बनवलं. ते लोकांना आवडलं, ऑर्डरी यायला लागल्या आणि गड्याने नोकरी सोडली. पुढे हेन्री ड्रायफसने, म्हणजे बेल कंपनीचे ते जुने टेलिफोन डिझाइन करणारा, त्याने स्वतःच्या घरासाठी मोठी ऑर्डर दिली आणि गाडी रुळावर आली.

अल्फ्रेडाबद्दल सगळे एका ओळीत उरकतात ते मला पटत नाही. हिशोब, पत्रव्यवहार, गिऱ्हाइकांशी बोलणं हे सगळं ती बघायची. सुरुवातीची वर्षं ओढाताणीचीच होती, आणि तिने ती बाजू धरली नसती तर याला दिवसभर वर्कशॉपमध्ये उभं राहता आलं असतं असं मला वाटत नाही. "पॅशन फॉलो करा" म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की घरात वह्या कोण लिहिणार आहे.

आता माझा आवडता भाग, तो सांधा. आपल्याकडची खुर्ची डुगडुगायला लागते ती नेहमी कुठे? पाय आणि सीट मिळतात तिथे. बसणारा माणूस मागे रेलतो, सगळा जोर त्या कोपऱ्यावर येतो, आणि खाच सैल होत जाते. मालूफने काय केलं, सीटच्या कोपऱ्यात पायाएवढी खाच कापली आणि तिच्या कडेला वरून आणि खालून थोडं लाकूड काढून मधे एक जीभ ठेवली. पायाला तेवढ्याच मापाची चर पाडली, पाय त्या जिभेवर बाजूने सरकवून बसवायचा, मग ग्लू आणि स्क्रू, स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची गुडदी. गंमत अशी की सीटच्या खाचेचे आतले कोपरे राऊटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) ज्या गोलाईचे होतात, पायाची कड पण बरोबर त्याच गोलाईची करावी लागते, नाहीतर फट दिसते. जीभ आणि चर एकमेकांत अडकलेली आणि ग्लू लागायला भरपूर जागा, त्यामुळे पाय इकडेतिकडे हलायला वावच नाही. पण एवढं झालं तरी तो अजून दिसायला ओबडधोबड चौकोनी ठोकळाच असतो. सौंदर्य नंतर येतं, कानस, रंधा आणि मग तासन् तास पॉलिश पेपर, तोपर्यंत की पायाचा वळसा सीटमध्ये विरघळून जातो. आणि सगळं गोल गोल करून टाकलं तर ते साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं दिसेल, म्हणून तो मधूनच एक कडक धार ठेवतो, हातावरून निघालेली रेघ पुढे वळणात नाहीशी होते. त्या रेघेमुळे डोळा फिरतो. गॅरेजमध्ये मी हे करायला बसतो तेव्हा कळतं की ती रेघ सरळ ठेवणं हे सांध्यापेक्षा अवघड आहे.

बँडसॉवर (फिरत्या पट्टीच्या पात्याची करवत) तो जे करायचा ते बघून तर पोटात गोळा येतो. खुर्चीचा हात कापताना ठोकळा टेबलवर सपाट टेकवायचाच नाही, दोन्ही हातांनी हवेत धरून पात्यातून तिरका फिरवायचा, सगळं नजरेच्या अंदाजाने. पातं मधेच लाकूड ओढून घेईल तर बोटं जायची. शिकवताना तो स्वतःच बजावायचा की मी करतो तसं तुम्ही करू नका.

पाठीच्या उभ्या पट्ट्या पण सरळ नसतात, कमरेच्या जागी वळण असतं आणि त्या थोड्या लवतात, त्यामुळे कुशन नसतानाही बसणाऱ्याची पाठ दुखत नाही. खालच्या डोलणाऱ्या पट्ट्या पातळ पातळ लाकडं एकावर एक चिकटवून वाकवलेल्या, मागे लांब शेपटीसारख्या निघालेल्या.

ही खुर्ची तो कित्येक दशकं करत राहिला. व्हाइट हाउसच्या संग्रहात गेली, जिमी कार्टरशी दोस्ती झाली (कार्टर स्वतः सुतारकाम करायचे), 1985ला मॅकआर्थर फेलोशिप (असामान्य प्रतिभेच्या माणसांना मिळणारी अमेरिकेतली मोठी ग्रँट) मिळाली, हस्तकारागिराला ती पहिल्यांदाच मिळत होती. किंमत शेवटी काही हजार डॉलरवरून दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेली, तरी वेटिंग लिस्ट होती. कारखान्यात छापून काढायला द्या म्हणणारे पण आले, यानं दिलं नाही. मदतीला तीनच माणसं, ती जोडणी आणि घासकाम करायची, कापणं आणि आकार देणं मात्र याच्या हातचं. मला वाटतं हट्टीपणा हीच त्याची खरी कारागिरी. आपल्याकडे एखाद्या माणसाचं काम जरा चाललं की सगळे मागे लागतात, शोरूम टाक, दहा माणसं ठेव, आणि मग तो माणूस लाकडाला हात न लावता प्लायचे भाव आणि कामगारांच्या दांड्या सांभाळत बसतो. याला कोणी मागे लागलं नसेल असं नाही. हा बधला नाही एवढंच.

जॉर्ज नाकाशिमा या दुसऱ्या अमेरिकन फर्निचर कारागिराचं नाव अशा वेळी निघतंच, आणि आपल्याला तो जवळचा, पाँडिचेरीच्या आश्रमातल्या गोलकोंडे इमारतीवर त्याने काम केलं होतं. पण दोघांचा स्वभाव उलटा. नाकाशिमा फळीची नैसर्गिक कड, भेग सगळं तसंच ठेवून झाडाला बोलू देतो, मालूफ झाडाला आपल्या मनासारखं बोलायला लावतो. मी मालूफच्या पार्टीतला.

1990च्या दशकात फ्रीवे 210 त्याच्या घरावरूनच जाणार होता. घर त्यानेच खोलीला खोली जोडत वाढवलेलं, दाराच्या कड्याही लाकडाच्या. शेवटी सरकारने अख्खं घर उचलून साधारण तीन मैलांवर नेलं. त्याच सुमारास, 1998ला, अल्फ्रेडा गेली. तो 2009ला गेला, 93व्या वर्षी, काम जवळजवळ शेवटपर्यंत चालू.

फिनिश कसलं वापरायचा हे विचारणाऱ्यांसाठी: पॉलियुरेथेन, टंग ऑइल आणि उकळलेलं जवसाचं तेल, तिन्ही सारखं. कपड्याने चोपडायचं, जास्तीचं पुसून काढायचं, एक दिवस थांबून परत. शेवटच्या हाताला पॉलियुरेथेनऐवजी मेण. आणि त्या तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर एकेक पसरून वाळवा आणि मगच कचऱ्यात.