गिटार हिरो : मेटॅलिका, एक्स्पर्ट प्लस – दोन पायांच्या रियाजाची नोंद, आठवडे १ ते १४

‘गिटार हिरो : मेटॅलिका’ या, पडद्यावर येणाऱ्या नोटांप्रमाणे प्लास्टिकची वाद्ये वाजवायच्या व्हिडिओ गेममध्ये ड्रम्सच्या एक्स्पर्ट प्लस या सर्वांत अवघड पातळीवर मेटॅलिका या मेटल बँडचे ‘डायर्स ईव्ह’ हे गाणे पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत न अडता वाजवायचे, असे मी चौदा आठवड्यांपूर्वी ठरवले. त्यापूर्वी मी हा खेळ एकाच पेडलवर, म्हणजे बेस ड्रमचा ठोका (किक) एकाच पायाने देत, खेळत होते आणि एक्स्पर्ट पातळीवरची बहुतेक गाणी मला जमत होती. दुसरा पाय कामाला लावल्यावर मात्र अगदी मुळापासून शिकावे लागले. याच वाटेवर असलेल्यांना माझ्या चुकांमधून थोडा वेळ वाचवता यावा, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

हाच खेळ का, हे आधी सांगते. मेटॅलिका आणि गिटार हिरो यांचा संबंध या खेळाआधीचा आहे. २००७ साली आलेल्या गिटार हिरो ३ मध्ये शेवटच्या टप्प्यात ‘वन’ हे गाणे होते, २००८ च्या ‘गिटार हिरो : वर्ल्ड टूर’ या खेळात ‘ट्रॅप्ड अंडर आइस’ आले, आणि १२ सप्टेंबर २००८ रोजी ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संपूर्ण अल्बम दुकानांत आला त्याच दिवशी तो गिटार हिरोमध्येही उतरवून घेता येऊ लागला. त्यानंतर २९ मार्च २००९ रोजी नेव्हरसॉफ्टने घडवलेला आणि ॲक्टिव्हिजनने प्रकाशित केलेला हा स्वतंत्र खेळ आला. त्यात एकूण ४९ गाणी आहेत. त्यांपैकी २८ मेटॅलिकाची आहेत आणि उरलेली २१ इतर बँडची आहेत. मोटरहेड, स्लेअर, ज्यूडस प्रीस्ट, डायमंड हेड, मर्सिफुल फेट ही नावे त्यात एकत्र दिसली की मेटॅलिकाच्या संगीताची मुळे कुठे आहेत ते आपोआप कळते. बँडच्या सदस्यांच्या हालचाली मोशन कॅप्चरने टिपून पडद्यावर आणल्या आहेत, मोटरहेडचा लेमी आणि मर्सिफुल फेटचा किंग डायमंड हे गायक तर पात्र म्हणून निवडताही येतात. हे सगळे मला मनापासून आवडते. तरीही या सहकार्यातली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते एक्स्पर्ट प्लस हीच आहे. आधीच्या खेळांत डबल बेसचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या बेस ड्रमचे, ठोके एका पायाला झेपावेत म्हणून गाळून विरळ केलेले असत. इथे मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिकने रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेली किक पूर्णपणे पडद्यावर मांडली आहे. घराघरांतल्या प्लास्टिकच्या ड्रम किटसाठी एवढा अवघड नोट-चार्ट मांडणे हा धाडसाचा निर्णय होता, आणि तो घेतला गेला म्हणूनच इतक्या वर्षांनी आपण अजून याच खेळाबद्दल बोलत आहोत.

आठवडे १ आणि २ केवळ साहित्य जुळवण्यात गेले. माझ्याकडे वर्ल्ड टूरचा किट आहे. त्यात लाल, निळा आणि हिरवा असे तीन पॅड, पिवळी आणि नारिंगी अशा उंचावरच्या दोन झांजा, आणि पेडलसाठी एकच छिद्र आहे. दुसरे पेडल जोडायचे तर त्या एका छिद्रात दोन पेडलांची तार न्यावी लागते. मी घरातली एक दुभाजक तार घेतली, दोन्ही पेडले जोडली आणि डाव्या पायाचा एकही ठोका पडद्यावर उमटेना. पेडल बिघडले असे समजून मी ते पूर्ण उघडले, आतला सेन्सर पुसला, सोल्डरिंग तपासले, पुन्हा बंद केले, आणि तीन संध्याकाळी घालवूनही काही फरक पडला नाही. शेवटी दोन्ही पेडलांची तार अदलाबदल करून पाहिली तेव्हा आता उजवे पेडल गप्प आणि डावे चालू, असे झाले. दोष पेडलात नसून तारेत होता. ती तार स्टिरिओच्या डाव्या आणि उजव्या बाजू वेगळ्या करणारी होती, आणि किटचे छिद्र मोनो असल्यामुळे दुसऱ्या बाजूचा संकेत आत पोहोचतच नव्हता. दोन्ही टोकांना एकच संकेत जोडणारी साधी मोनो दुभाजक तार आणल्यावर दोन्ही पाय लगेच बोलू लागले. ज्यांचे दुसरे पेडल चालत नसेल त्यांनी पेडल उघडण्याआधी ही अदलाबदल करून पाहावी.

पेडल सरकणे ही दुसरी अडचण होती. जोर वाढला की दोन्ही पेडले हळूहळू पुढे जातात आणि गाण्याच्या मध्यावर आपण पाय लांब करून बसलेले असतो. मी एका जाड फळीवर रबरी चटई चिकटवली, त्यावर दोन्ही पेडले वेल्क्रोने बसवली आणि फळीच्या मागच्या कडेवर स्टुलाचे दोन पाय ठेवले. आपल्याच वजनाने फळी जागेवर राहते. स्टुलाची उंची मात्र मला पाच-सहा वेळा बदलावी लागली. मांड्या जमिनीला समांतर न ठेवता गुडघ्याकडे किंचित उतरत्या ठेवल्या तेव्हा पायाचा घोटा मोकळा झाला.

आठवडा ३ पासून खरा रियाज सुरू झाला. पहिले काही दिवस मी गाणे लावलेच नाही. मेट्रोनोमवर मिनिटाला ९० ठोके ठेवून एका मात्रेत चार किक, उजवा-डावा-उजवा-डावा, एवढेच केले. टाच खाली टेकवून वाजवले तर नडगीच्या पुढचा स्नायू दोन मिनिटांत भरून येतो, टाच उचलून वाजवले तर संपूर्ण पाय हलतो आणि वेग वाढवता येत नाही. मला जमलेला मार्ग या दोहोंच्या मधला आहे. टाच बोटभर उचललेली, मांडी जवळजवळ स्थिर, आणि ठोका घोट्यातून. डाव्या पायाचा ठोका सुरुवातीला इतका दुबळा होता की खेळात तो कधी मोजला जाई, कधी जाई ना. तेव्हा मी काही दिवस सगळी सोपी गाणी केवळ डाव्या पायाने वाजवली. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही.

आठवडे ४ आणि ५ ‘वन’ या गाण्याचे. या गाण्याचा पहिला अर्धा भाग संथ आहे, आणि मग मशिनगनसारखा तो प्रसिद्ध भाग येतो, जिथे गिटार आणि किक सहा-सहा ठोक्यांच्या गुच्छांत एकत्र वाजतात. पडद्यावर किकची नोट जांभळ्या आडव्या रेषेने दाखवतात, आणि एका गुच्छात त्या सहा रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या जवळजवळ येतात. पहिल्यांदा मी त्या रेषा मोजत वाजवायला गेले आणि प्रत्येक वेळी पाच किंवा सात ठोके पडले. डोळ्यांनी मोजण्याइतका वेळच तिथे नसतो. मग मी खेळ बंद करून तोंडाने बोल म्हणायला सुरुवात केली. तबला शिकणारे जसे बोल आधी तोंडात बसवतात आणि मग हातात आणतात, तसे ‘तकिट तकिट’ असे सहा अक्षरांचे बोल म्हणत पाय चालवले. सहा हा सम आकडा असल्यामुळे प्रत्येक गुच्छ उजव्याच पायाने सुरू होतो आणि डाव्यावर संपतो, त्यामुळे मधल्या विरामात उजवा पाय तयार ठेवणे एवढेच लक्षात ठेवायचे असते. प्रॅक्टिस मोडमध्ये वेग उतरवून हा भाग आधी ६८ टक्के (म्हणजे इतक्या नोटा बरोबर), मग ८१ टक्के आणि पाचव्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण वेगात ९३ टक्के झाला.

सहाव्या आठवड्यात पायांना विश्रांती द्यावी लागली, कारण डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले होते. ते सात दिवस मी गिटार घेऊन ‘डेथ मॅग्नेटिक’ची गाणी वाजवली, आणि त्या निमित्ताने या सहकार्यातल्या एका विलक्षण गोष्टीबद्दल लिहिणे भाग आहे. या अल्बमची सीडी इतकी मोठ्या आवाजात दाबून तयार केली होती की ड्रम्सचे ठोके फाटल्यासारखे ऐकू येतात. गिटार हिरोमध्ये आलेली तीच गाणी मात्र मोकळी होती. खेळाला प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा द्यावा लागतो, आणि ते ट्रॅक सीडीच्या अंतिम मिक्सइतके (सगळी वाद्ये एकत्र केलेल्या ध्वनिमिश्रणाइतके) दाबले गेले नव्हते. चाहत्यांनी दोन्ही आवृत्त्यांच्या ध्वनिलहरींची चित्रे शेजारी-शेजारी ठेवली तेव्हा सीडीची लहर विटेसारखी सपाट दिसत होती आणि खेळातली शिखरे जागच्या जागी होती. अल्बमचे मास्टरिंग (प्रकाशनाआधीचे शेवटचे ध्वनिसंस्करण) करणाऱ्या टेड जेन्सन यांनीही मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते असे सांगितले. अल्बम पुन्हा मिक्स करावा या मागणीवर दहा हजारांहून अधिक जणांनी सह्या केल्या. एखाद्या बँडच्या नव्या अल्बमची अधिक चांगली आवृत्ती खेळात सापडावी, हे आधी कधी कोणाच्या मनातही आले नसेल. मी ‘ऑल नाइटमेअर लाँग’ दोन्हीकडून एकाच आवाजाच्या पातळीवर आणून ऐकले. खेळातल्या आवृत्तीत स्नेअरचा (काठीने वाजवायच्या मुख्य ड्रमचा) ठोका पडून विरताना ऐकू येतो, आणि ते विरणे ऐकू येते म्हणूनच पुढचा ठोका कुठे ठेवायचा ते कळते. ड्रम्स शिकणाऱ्याला या फरकाची किंमत फार मोठी आहे.

विश्रांतीनंतर ‘बॅटरी’ आणि ‘फाइट फायर विथ फायर’ घेतली. त्यांवर फार लिहिण्यासारखे नाही, दोन्ही आठवड्याभरात पार पडली. मात्र त्याच काळात माझे ठोके सगळे थोडे उशिरा मोजले जात असल्याचे ध्यानात आले. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गतीत मात्रेला चार किक वाजवायच्या तर दोन किकमधले अंतर साधारण ८३ मिलिसेकंद राहते. टीव्हीने चित्र दाखवायला तेवढाच उशीर केला, तर आपण पडद्याकडे पाहून मागच्या नोटेला मारत राहतो. टीव्ही गेम मोडवर घेतला, खेळाच्या सेटिंगमधले कॅलिब्रेशन (आवाज आणि चित्र यांचा उशीर जुळवून घेणे) पडद्याकडे न पाहता केवळ कानाने केले, आणि मग चित्राचे वेगळे केले. त्या रात्री ‘बॅटरी’ एकदम ९ टक्क्यांनी वर गेले. पायात काही बदल झालेला नसताना आकडा एवढा बदलतो, म्हणून नोंद ठेवणाऱ्या प्रत्येकाने कॅलिब्रेशनची तारीखही शेजारी लिहावी.

एक छोटे विषयांतर. ‘वन’, ‘द शॉर्टेस्ट स्ट्रॉ’ आणि ‘डायर्स ईव्ह’ ही तिन्ही गाणी १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बममधली आहेत, आणि त्या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही ही आपल्या सगळ्यांची जुनी खंत आहे. खेळात आपण एखादे वाद्य घेतले आणि नोट चुकवली की त्या वाद्याचा आवाज तेवढ्यापुरता गप्प होतो. मी ‘द शॉर्टेस्ट स्ट्रॉ’मध्ये बेस घेऊन मुद्दाम चार ओळी चुकवल्या, मग चार ओळी बरोबर वाजवल्या, आणि असे करत राहिले. जे निघून जाते आणि परत येते त्यावरून न्यूस्टेडने काय वाजवले होते ते कानाला हळूहळू उमगते. त्याची बोटे किकला किती घट्ट धरून आहेत हे मला अल्बम ऐकून कधीच कळले नव्हते.

आठवडे १० ते १४ संपूर्णपणे ‘डायर्स ईव्ह’चे. अल्बममधले हे शेवटचे गाणे, सव्वापाच मिनिटांचे, आणि मेटॅलिकाने ते मैफिलीत पूर्ण वाजवले ते पहिल्यांदा २००४ साली, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर सोळा वर्षांनी. हे ठाऊक असल्यामुळे माझ्या चौदा आठवड्यांबद्दल मला घाई वाटत नाही. गाणे अवघड आहे ते केवळ वेगामुळे नाही. किकच्या लांब ओळी मध्येच तुटतात, हात झांजेवरून स्नेअरवर येतात, आणि नेमक्या त्या क्षणी किक पुन्हा सुरू होते. हात आणि पाय वेगवेगळे जमत होते, एकत्र आणले की डावा पाय डाव्या हाताच्या मागे जाऊ लागे. म्हणून मी प्रॅक्टिस मोडमध्ये गाण्याचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा तीनदा केला, आधी फक्त हात, मग फक्त पाय, मग दोन्ही. अकराव्या आठवड्यात सुरुवातीचा तुकडा ७४ टक्के होता, तेराव्यात ९० झाला. संपूर्ण गाणे लावले की मात्र रॉक मीटर (वाजवणे किती बरोबर चालले आहे ते दाखवणारा काटा) मध्यानंतर लालमध्ये जाऊन गाणे बंद पडे, कारण तोपर्यंत नडग्या भरून आलेल्या असत. उपाय असा सापडला की जिथे गिटारचा सोलो आहे तिथपर्यंत स्टार पॉवर (बरोबर वाजवून साठवलेली जादा ताकद) वापरायचीच नाही. दोन्ही झांजा एकत्र मारून ती तिथे सोडली की मीटर सावरतो आणि थकलेल्या पायांना चुकायला थोडी जागा मिळते.

चौदाव्या आठवड्याच्या शुक्रवारी गाणे पहिल्यांदा शेवटपर्यंत गेले. ८७ टक्के, चार तारे, सर्वांत लांब कॉम्बो (सलग न चुकता वाजलेल्या नोटा) २१२ नोटांचा. शेवटचा ठोका पडला तेव्हा हातातली एक काठी सुटून किटच्या मागे गेली होती आणि शेवटची झांज मी तळहाताने मारली होती. खेळाने ती मोजली.

पुढच्या नोंदीपर्यंत दोन कामे आहेत. सोलोनंतरचा तुकडा अजून ७९ टक्क्यांवर अडकला आहे, कारण तिथे किकची ओळ डाव्या पायाने सुरू केली तर हात सोपे जातात असे वाटते आणि मी आजवर सगळे उजव्याने सुरू करत आले आहे. तो तुकडा डाव्याने सुरू करून दोन आठवडे बसवणार आहे. दुसरे, डाव्या पेडलची स्प्रिंग उजव्याहून सैल झाली आहे, ती बदलायची आहे. कोणी हा तुकडा डाव्या पायाने सुरू करून वाजवत असेल, तर विरामानंतर पाय कसे बदलता ते अवश्य कळवावे.