सपाट टप्प्याची वही, जुलै २०२५: लील, शिरोळ, शातोरू

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतले सपाट टप्पे कोण जिंकेल, याचा अंदाज मी या वहीत लिहितो. गेल्या वर्षीपर्यंत फक्त नावं लिहीत होतो. टप्पा सपाट आहे, म्हणजे शेवटी स्प्रिंट होणार, रेषेपाशी वेगाची झुंज. मग सगळ्यांत वेगवान कोण, एवढाच प्रश्न. २०२४ च्या टूर द फ्रान्सला तुरिनमध्ये बिनियाम गिरमाय जिंकला तेव्हा माझ्या पानावर स्प्रिंटर यास्पर फिलिपसन होता. सें-व्हुल्बासला ३९ वर्षांच्या मार्क कॅव्हेंडिशनं ३५वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मागे टाकला, तेव्हाही माझ्या पानावर फिलिपसनच. नंतर फिलिपसन तीन टप्पे जिंकला, पण त्यात माझ्या अभ्यासाचा वाटा काहीच नव्हता. एकच नाव रोज लिहिलं तर कधीतरी लागणारच.

म्हणून यंदा पानाचा क्रम उलटा केला. आधी वारा, मग रस्त्याची दिशा, मग शेवटचे तीन किलोमीटर, मग कुठल्या संघाकडे किती माणसं उरतील, आणि नाव अगदी शेवटी. आमच्या रविवारच्या ग्रुपमधले आण्णा (तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीला उतरलेले) म्हणाले, "खासबागेत जोड बघताना नुसतं पैलवानाचं नाव बघतोस का? माती ओली हाय का, आधी कुणाशी लढून आलाय, ते बघतोस न्हवं? मग हितं का न्हाई?" ते मनात बसलं.

५ जुलै, शनिवार. पहिला टप्पा, लील ते लील, १८४.९ किमी

वाऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: "वारा आहे." बस. नाव मिलान.

घडलं असं. शेवटचे सतरा-अठरा किलोमीटर उरले असताना आडव्या वाऱ्याचा रस्ता लागला आणि व्हिस्मा संघानं समोर जोर लावला. घोळका फुटला. पुढे चाळीसच्या आत माणसं राहिली. एकूण शर्यत जिंकू पाहणाऱ्यांपैकी पोगाचार आणि विंगेगार पुढच्या गटात होते. एव्हेनपूल आणि रोग्लिच मागे राहून ३९ सेकंद गमावून बसले. योनाथान मिलान आणि टिम मर्लिअर, म्हणजे शर्यतीतले दोन मोठे स्प्रिंटर, तेही मागेच. यास्पर फिलिपसन जिंकला, पिवळी जर्सी (एकूण वेळेत पहिल्या असलेल्याची) त्याच्या अंगावर. गिरमाय दुसरा.

म्हणजे माझा माणूस स्प्रिंटमध्ये हरला नाही. तो स्प्रिंटला पोचलाच नाही. माझं पान चुकलं ते तिथे. वारा कितव्या किलोमीटरला कुठल्या बाजूनं लागणार, हे लिहिलं असतं तर "मिलान, जर पुढच्या गटात असेल तर" असं तरी लिहिता आलं असतं.

६ जुलै, रविवार. कावळा नाका (कोल्हापूर) ते नृसिंहवाडी, आमची सायकल

रात्री साडेनऊला टीव्ही बंद केला आणि पहाटे साडेपाचला आम्ही सहा जण कावळा नाक्यावर. पावसानं उघडीप दिली होती, पश्चिमेचा वारा मात्र चांगला होता. शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर हा सगळा रस्ता पूर्वेकडे जातो, त्यामुळे तिथवर वारा पाठीवर. जयसिंगपुरातून शिरोळकडे वळलं की दिशा दक्षिणेची होते आणि तोच वारा उजव्या खांद्यावर येतो. मला नेमकं हेच हवं होतं.

आडव्या वाऱ्यात चाकाच्या थेट मागे बसून आडोसा मिळत नाही. वारा उजवीकडून असेल तर पुढच्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे सरकून बसावं लागतं. त्याच्या डावीकडे पुढचा, त्याच्या डावीकडे आणखी एक. रस्त्यावर तिरकी ओळ तयार होते. आमच्या डाव्या अर्ध्या रस्त्यात चार माणसं मावली. पाचवा थेट साइडपट्टीवर, खडी आणि चिखलात. त्याला डावीकडे सरकायला जागाच नाही, म्हणून तो चौथ्याच्या सरळ मागे, म्हणजे पूर्ण वाऱ्यात. पाचवा मीच होतो. पुढचे चौघे काही जोर लावत नव्हते, तरी तीनेक मिनिटांत माझं चाक सुटलं. लीलला मिलानचं काय झालं असेल ते पायांना कळलं.

पण खरी नोंद वेगळीच आहे. शिरोळच्या अलीकडे एका पट्ट्यात वारा अचानक थांबला आणि मी पुन्हा चाकाला लागलो. वर बघितलं तर उजवीकडे डोक्याच्या वर ऊस उभा. दोनशे मीटर पुढे ऊस संपून सोयाबीनचं रान लागलं आणि वारा परत अंगावर. परतताना मुद्दाम थांबत थांबत बघितलं. ऊस आला की शांत, सोयाबीन-भुईमूग आला की झोत, वस्ती आली की शांत, आणि वस्ती संपते त्या कोपऱ्यावर सगळ्यांत जोराचा धक्का.

उत्तर फ्रान्समध्ये ऊस नसला तरी गव्हाची उघडी शिवारं, झाडांच्या रांगा आणि गावं आहेतच. घोळका गावातून बाहेर पडतो तेव्हाच का फुटतो, हे मला टीव्हीवर इतकी वर्षं बघून नीट समजलं नव्हतं. तेव्हापासून वाऱ्याच्या रकान्याला एक उपरकाना जोडला: रस्त्याकडेला काय उभं आहे. नकाशाचं उपग्रहचित्र उघडून शेवटचे साठ किलोमीटर बघायचे आणि उघडे पट्टे किलोमीटरनिशी लिहायचे. अर्धा तास लागतो.

(वाडीत बासुंदी झाली. आण्णांनी कवठाची बर्फी घरी नेली.)

७ जुलै, सोमवार. डंकर्क

थोडक्यात. फिलिपसन हिरव्या जर्सीत (गुणांत पहिल्या असलेल्याची) होता. मधल्या स्प्रिंटच्या (वाटेतली, गुणांसाठीची) वेळी पडला, गळपट्टीचं हाड मोडलं आणि शर्यतीतून बाहेर गेला. मर्लिअरनं मिलानला चाकाच्या कडेइतक्या फरकानं हरवलं. माझ्या पानावर फिलिपसन. इथे पान चुकलं असं मी म्हणणार नाही, पडणं कुणालाच आधी लिहिता येत नाही. पण फिलिपसन गेल्यानं त्याच्या संघाचं काय होणार, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. तो सहा दिवसांनी अंगाशी आला.

१२ जुलै, शनिवार रात्र. उद्याचं पान: शिनों ते शातोरू, १७४.१ किमी

आज लावालला मिलान जिंकला. २०१९ नंतर टूरमध्ये इटालियन माणसाचा हा पहिला टप्पा. उद्याचा टप्पा त्याहून सपाट आहे. ज्याला गुण असतात असा चढ एकही नाही. हे पान मी तीन तास खर्च करून लिहिलं, म्हणून जसंच्या तसं देतो.

दिशा: शिनों व्हिएन नदीच्या काठी, शातोरू तिथून आग्नेयेला. वारा वायव्येच्या अंगानं असेल तर दिवसभर पाठीवर, आणि वेग पन्नाशीकडे जाईल. उघडे पट्टे भरपूर, पण पाठीवरच्या वाऱ्यात घोळका फुटत नाही. तासभर आधी वाऱ्याची दिशा पुन्हा बघायची.

मधली स्प्रिंट: पहिल्या २५ किलोमीटरच्या आत, ला बेल अँदियेन नावाच्या ठिकाणी. नावाचा अर्थ "सुंदर भारतीय स्त्री". पहिल्या माणसाला २० गुण. मिलानला हिरवी जर्सी हवी आहे, म्हणून त्याचा संघ तिथवर कुणाला सोडणार नाही. त्यानंतर लहान संघांचे दोन-तीन जण निघतील, चार मिनिटं मिळवतील, आणि शेवटच्या पंधरा किलोमीटरच्या आसपास पकडले जातील.

शातोरू: स्प्रिंटरांचं गाव. १९९८ साली इथे मारिओ चिपोलिनी जिंकला. कॅव्हेंडिशनं २००८ मध्ये टूरमधला आपला पहिला टप्पा इथेच जिंकला, मग २०११ आणि २०२१ मध्येही इथेच. शेवट लांब, रुंद, सरळ रस्त्यावर. अशा शेवटात आधीच्या वळणाला दहाव्या जागेवर असलेला माणूसही वर येऊ शकतो. वारा पाठीवर असला तर २५० मीटरवरून निघता येतं, तोंडावर असला तर १५० पर्यंत दम धरावा लागतो.

माणसं: मिलान उंच आणि जड, लांबलचक स्प्रिंट मारणारा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या सांघिक पर्सूटचं सुवर्ण त्याच्याकडे आहे, आणि त्या चौघांतला सिमोने कोन्सोनी इथेही त्याला लीडआउट देतो, म्हणजे शेवटी पुढे राहून आडोसा देत रेषेजवळ नेतो. मर्लिअर युरोपचा विजेता. त्याच्या संघाची अर्धी ताकद एव्हेनपूलसाठी राखलेली, पण त्याला पूर्ण ट्रेन (रांगेनं पुढे राहून ओढत नेणारे साथीदार) लागत नाही. दुसऱ्याचं चाक धरून शेवटच्या दोनशे मीटरला जो झटका मारतो तो आज कुणाकडेच नाही. फिलिपसनच्या अल्पेसिन संघाकडे आता कॅडन ग्रोव्ह्ज, सगळा संघ त्याच्यासाठी राबेल.

नावं: मर्लिअर, मिलान, ग्रोव्ह्ज.

१३ जुलै, रविवार. काय झालं

पहिला मर्लिअर, दुसरा मिलान, तिसरा अर्नो द ली. तीनांतली दोन नावं क्रमासह बरोबर. जुन्या पद्धतीनं हे माझं आजवरचं सर्वोत्तम पान. आणि तरीही शर्यतीचं वर्णन म्हणून ते जवळपास सगळं चुकीचं होतं.

झेंडा पडला तसे माटिऊ व्हान डर पूल आणि योनास रिकार्ट, दोघेही अल्पेसिनचे, निघून गेले. ला बेल अँदियेनच्या पहिल्या दोन जागा त्यांनीच नेल्या. "तिथवर कुणाला सोडणार नाही" हे माझं वाक्य पहिल्याच किलोमीटरला पडलं. आघाडी पाच मिनिटांच्या वर गेली. दोन माणसं, सगळा सपाट रस्ता, मागे स्प्रिंटरांचे संघ. पंधरा किलोमीटरवर पकडले जातील म्हणणारा मी साडेआठ वाजता खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. शेवटच्या काही किलोमीटरला रिकार्ट गळला, व्हान डर पूल एकटा उरला, आणि शेवटचा किलोमीटर दाखवणाऱ्या लाल कमानीच्याही आत, सुमारे ७०० मीटर उरले असताना घोळक्यानं त्याला गिळलं.

टप्प्याचा सरासरी वेग ताशी ५०.०१३ किलोमीटर. टूरच्या इतिहासातला हा दुसरा सर्वांत वेगवान टप्पा. पहिला १९९९ सालचा लावाल ते ब्लुआ, ५०.३५५, आणि तिथेही जिंकला चिपोलिनीच. या वेगाचा अर्थ काय? हवेचा रोध ओलांडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ताशी ४० वरून ५० ला जायचं तर जवळपास दुप्पट. २०१८ मध्ये बर्ट ब्लोकेन यांच्या गटानं १२१ सायकलींचा घोळका तपासला होता. घोळक्याच्या आत बसलेल्याला एकट्याच्या तुलनेत ५ ते १० टक्केच रोध लागतो, असं त्यात निघालं. म्हणजे मागचे जवळजवळ फुकट येत होते, आणि हे दोघे जवळपास साडेतीन तास आलटून-पालटून सगळा वारा छातीवर घेत होते. हरलेल्या माणसाचं पान वहीत मी पहिल्यांदाच लाल शाईनं चौकटीत लिहिलं.

माझं चुकलं कुठे, ते सोमवारी रात्री शांतपणे शोधलं. रिकार्ट आणि व्हान डर पूल दोघेही फिलिपसनच्या ट्रेनचे डबे. ज्याच्यासाठी ते आले होते तो सहा दिवसांपूर्वीच घरी गेला. मी त्या संघापुढे लगेच "ग्रोव्ह्ज" लिहून मोकळा झालो आणि जुनंच गणित नव्या नावानं मांडलं. विचारायचं होतं ते हे: या संघात आज कुणाचं काम संपलंय, कोण मोकळा आहे? शिवाय दोघे पुढे असले की ग्रोव्ह्जला मागे काहीच ओढावं लागत नव्हतं, पाठलागाचा सगळा भार मिलान-मर्लिअरच्या माणसांवर. वरवर वेडेपणा वाटला तो पुरता विचार केलेला डाव होता, आणि तो यशस्वी व्हायला ७०० मीटर कमी पडले.

त्यामुळे गुणांची पद्धत बदलली आहे. दहापैकी नावाला आता दोनच गुण. वारा आणि उघडे पट्टे तीन, कोण निघेल आणि कुठे सापडेल याला तीन, शेवटच्या किलोमीटरला कुठल्या संघाची किती माणसं उरतील याला दोन. या हिशेबानं शातोरूच्या पानाला मी दहापैकी चार दिले: नावाचे दोन, वाऱ्याचे दोन.

२३ जुलै, बुधवार. बोलेन ते व्हालांस, १६०.४ किमी

दोन छोटे चढ, मग ऱ्होन नदीचं खोरं. उत्तरेकडचा प्रवास, म्हणून मिस्त्रालचा (तिथला उत्तरेकडून येणारा जोराचा वारा) सगळा अभ्यास करून ठेवला. नाव मर्लिअर. पडला पाऊस. शेवटच्या किलोमीटरला ओल्या रस्त्यावर मोठी पडापड झाली, मर्लिअर तिच्या मागे अडकला, पुढे जेमतेम दहा जण उरले आणि त्यांतून मिलान जिंकला. पॅरिसला हिरवी जर्सीही त्याचीच. पावसाचा अंदाज सकाळपासून समोर होता. पंचगंगेच्या पुलावर ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चाक सरकताना आम्ही दर आषाढात बघतो, तरी पानावर पावसाला रकाना नव्हता. आता आहे. पाऊस असेल तर मागून येऊन जिंकणाऱ्याचे गुण कमी धरायचे आणि ज्याची ट्रेन पहिल्या पाचांत असेल त्याचे वाढवायचे. या पानाला दहापैकी तीन.

पॅरिसचा शेवटचा टप्पा यंदा यादीतून काढला होता. मॉंमार्त्रचा चढ तीनदा घातल्यावर तो सपाट राहत नाही, आणि जिंकलाही वाउट व्हान आर्ट.

पुढचं काम शिरोळच्या रस्त्यावरच आहे. ऊसतोड सुरू झाली की आज जिथे आडोसा आहे तिथे रान मोकळं होईल, आणि वाराही तोवर पूर्वेकडून फिरलेला असेल. तेव्हा जयसिंगपूर ते वाडी हा पट्टा पुन्हा किलोमीटरनिशी लिहून काढायचा आहे, या वेळी सहा नाही, दहा जण घेऊन, म्हणजे साइडपट्टीवर दुसरी तिरकी ओळ कशी तयार होते तेही बघता येईल. दिवाळीनंतरचा पहिला रविवार, पहाटे साडेपाच, कावळा नाका. पुढचा-मागचा दिवा आणि दोन ट्यूब प्रत्येकानं आणायच्या.